जोडीची हजेरी

वामनरावांची चुनाभट्टी गडचांदूरहून सहा किलोमीटरवर, नाल्याच्या अलीकडे. आजूबाजूला सिमेंटवाल्यांची एवढाली धुराडी उभी झाली होती की त्यांच्यापुढे वामनरावांच्या भट्टीचा धूर म्हणजे कुणी कोपऱ्यात बिडी ओढत बसल्यासारखा दिसे. पण आठ वर्षांत तो धूर एक दिवस थांबला नव्हता, आणि याचा वामनरावांना भारी अभिमान. थोरल्या लेकीच्या लग्नापासून घरावरच्या नव्या कवेलूपर्यंत सारं त्याच धुरातून निघालं होतं.

अशा या माणसाची झोप १९८८ सालच्या एका सोमवारी उडाली. पोस्टमनने लिफाफा दिला. वामनरावांनी तो फोडला, वाचला, घडी करून बंडीच्या खिशात घातला, परत काढला, परत वाचला. पत्र फंडाच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या हापिसातून होतं. शुक्रवारी सकाळी निरीक्षक भट्टीवर येतील, तीन वर्षांचे हजेरीपट आणि पगारपत्रकं तयार ठेवावीत. दोनच ओळी, पण त्या दिवशी वामनरावांना भाकर गोड लागली नाही.

कारण साधं होतं. वीस किंवा जास्त माणसं कामाला असली की मालकाने दर मजुराचा फंड भरायचा, थोडा मजुराच्या पगारातून कापून, तेवढाच आपल्या खिशातून घालून. वीसच्या आत असाल तर कुणी विचारत नाही. हे वामनरावांना भैयाजींनी शिकवलं होतं. भैयाजी चंद्रपूरचे कर सल्लागार. वकील नव्हते, पण सारे त्यांना वकीलसाहेब म्हणत आणि ते कुणाची चूक दुरुस्त करत नसत. आठ वर्षांपूर्वी त्यांनी वामनरावांना एकच कानमंत्र दिला होता, की काही झालं तरी हजेरीपटावर विसावं नाव चढू द्यायचं नाही. वामनरावांनी तो गाठीला बांधला. त्यांच्या हजेरीपटावर नावं होती सोळा.

आणि भट्टीवर माणसं होती एकतीस.

यात वामनरावांनी फार मोठी लबाडी केली होती असं कुणी समजू नये. त्या भागात खदानीवर आणि भट्टीवर माणूस एकटा कामाला लागतच नसे, जोडी लागे. नवरा घनाने दगड फोडी, बायको टोपलीत भरून चढणीवरून भट्टीच्या तोंडाशी नेऊन टाकी. हजेरीपटावर नाव नवऱ्याचं, आणि हजेरी रोजच्या दोन. महिन्याचे सव्वीस दिवस भरले की त्याच्या नावापुढे बावन्न. शनिवारी मजुरीही नवऱ्याच्याच हातात. वामनरावांच्या वडलांनी ठेकेदारीत असंच लिहिलं, वामनरावांनी तेच उचललं. पंधरा जोड्या आणि एक कोळशावरचा चैतू, ज्याचं लग्न काही जमत नव्हतं. नावं सोळा झाली आणि कानमंत्र आपोआप पाळला गेला. त्यात वामनरावांची सोय झाली हे खरं. ती सोय त्यांना कधी टोचली नाही, हेही तितकंच खरं.

मंगळवारी सकाळच्याच एस.टी.ने ते चंद्रपूरला भैयाजींकडे गेले. भैयाजींनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि तीन वर्षांचे हजेरीपट चाळले. चुन्याच्या हातांनी लिहिलेली ती पानं, कुठे डाग, कुठे खाडाखोड. असं दाखवू नका म्हणाले. बाजारात नवीन कॉम्प्युटर सेंटर निघालंय, तिथे पगाराचा प्रोग्राम आहे, सारं छापून घ्या. छापलेला कागद पाहिला की साहेब लोक निम्मे गार होतात.

वामनरावांनी कॉम्प्युटर आधी फक्त बँकेच्या कॅलेंडरवर पाहिला होता. सेंटर म्हणजे एका दुकानाच्या मागची खोली. यंत्राला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर. आत सत्यशीला नावाची, पंचविशीची, बी.कॉम. झालेली मुलगी बसली होती. टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो, बाजूला रिबिनीचं छापायचं यंत्र. तिने पान उघडलं, पहिलं नाव लटारूचं. नाव टाकलं, दर बारा रुपये टाकला, हजेरी बावन्न टाकली. यंत्राने टूं केलं.

तिने परत बावन्न टाकले. परत टूं.

महिन्यात एकतीसच्या वर दिवस नसतात, प्रोग्राम घेणार नाही, असं तिने सांगितलं. मग वामनरावांकडे वळून विचारलं, हा लटारू महिन्यात बावन्न दिवस कसा आला? वामनरावांना हसू आलं. त्यांनी तिला जोडी म्हणजे काय ते समजावलं. सत्यशीला हसली नाही. मान हलवून म्हणाली, बरं, मग कसं लिहू?

वामनरावांनी झटकन तोड काढली. हजेरी अर्धी करा, दर दुप्पट करा. सव्वीस दिवस, चोवीस रुपये. रक्कम तीच, सहाशे चोवीस. यंत्राने मुकाट्याने घेतलं. पण शेवटच्या रकान्यात आपणहून एक आकडा आला आणि पगारातून वजा झाला. दुसऱ्या नावाला तेच, तिसऱ्याला तेच.

"हे काय कापून राह्यलं ते?" वामनरावांनी विचारलं.

तो व्यवसाय कर होता. पगार एका ठरलेल्या हद्दीच्या वर गेला की मालकाने तो कापून सरकारात भरायचा असतो. बाराच्या दराने एका माणसाचा पगार हद्दीच्या कितीतरी खाली राहिला असता. दोघांचा एकाच्या नावावर घातला म्हणून तो वर गेला. वामनरावांनी आठ वर्षांत हा कर एकदाही कापला नव्हता, कारण तो असतो हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कापू नको म्हणावं त्याले, असं ते म्हणाले. सत्यशीलाने सांगितलं की रक्कम पाहून प्रोग्राम आपोआप कापतो, सांगून ऐकत नाही.

तिने टेबलावरच्या कागदावर आकडेमोड केली. सोळा नावं दाखवली तर तीन वर्षांचा व्यवसाय कर आणि व्याज मिळून चार-पाच हजार. एकतीस दाखवली तर व्यवसाय कराची भानगड नाही, पण फंड लागू. मालकाचा आणि मजुरांचा दोन्हीकडचा मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार, वर दंड किती लावतील ते साहेबांच्या मनावर. पंचेचाळीस हजारात भट्टी दगडासकट विकली गेली असती.

"काकाजी, एक सांगू का?" सत्यशीला म्हणाली. "खरं ते एकतीस. तुम्ही आपणहून सांगितलं तर हप्ते पाडून मागता येतात. त्यांनी पकडल्यावर काही मागता येत नाही."

मग तिने नवीन पान उघडलं आणि बायांची नावं सांगा म्हणाली. वामनरावांनी सुरू केलं. लटारूची बाई, ती बायनाबाई. सोमाजीची बाई. खुशालची बाई. त्याच्या पुढची... खुशालच्या भावाची बाई. सत्यशीलाची बोटं थांबली होती. वामनराव आठवायला लागले. रोज दिसणाऱ्या, रोज आपल्याला भाऊ म्हणणाऱ्या पंधरा बाया, त्यातल्या एकीचं नाव त्यांना येत होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. घाई आहे म्हणाले, ते सोळाच छापून दे.

छापायचं यंत्र करकरत राहिलं. दोन्ही कडांना भोकं पाडलेला लांबच लांब कागद घेऊन वामनराव भैयाजींकडे परतले. भैयाजी खूश झाले. व्यवसाय कराचे चार-पाच हजार गेले तर जाऊ द्या, फंडातून तर सुटता. फक्त एक करा म्हणाले, शुक्रवारी बायांना येऊ देऊ नका.

बुधवार आणि गुरुवार वामनरावांनी कसे काढले ते त्यांच्या बायकोला विचारावं. ते जेवायला बसत आणि उठत. कुत्रं भुंकलं तरी जीप आली म्हणत. गुरुवारी काम सुटताना त्यांनी पंधराही जणींना एकत्र केलं आणि उद्या घरीच राहा, हजेरी लागेल, असं सांगितलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. काम न करता हजेरी, ही गोष्ट भट्टीवर आजवर झाली नव्हती.

लटारूची बायको बायनाबाई चाळिशीची, उंच, टोपली वाहून मान ताठ झालेली. तिने काऊन म्हणून विचारलं. वामनराव म्हणाले, साहेब येऊन राह्यले, गर्दी नको. गर्दी आमचीच होते का, एवढं म्हणून ती गेली.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला जीप आली. निरीक्षक नागपूरकडचे, पन्नाशीचे, शांत आवाजाचे. वामनरावांनी खुर्ची दिली, चहा दिला, छापलेला कागद दिला. साहेबांनी पानन्‌पान पाहिलं. व्यवसाय कराचा रकाना पाहून हा भरला का, असं विचारलं. वामनराव म्हणाले, चुकून राहून गेला, भरतो. साहेब म्हणाले, तो माझ्या खात्याचा नाही. वामनरावांच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. मग साहेबांनी सोळाही मजुरांना ओळीत उभं करायला सांगितलं. एकेकाला नाव, गाव, किती वर्षं, कितीची मजुरी. दर माणसामागे पाच-पाच मिनिटं. घाई म्हणून त्या माणसाला ठाऊक नव्हती.

आणि इथेच वामनरावांची मोठी चूक झाली, ती कागदावरची नव्हती.

भट्टीचं असं असतं की वरून दगडाचे आणि कोळशाचे थर टाकत राहायचे, खालून पिकलेला चुना ओढत राहायचा. आग मधे राहते. वरून माल पडला नाही तर आग मधे थांबत नाही, वर चढते, आणि तोंडाशी येऊन विझून जाते. विझलेली भट्टी परत लावायची म्हणजे आतला अर्धाकच्चा दगड उकरा, लाकूड आणा, आठ-दहा दिवस गेले आणि हजारोंचा माल गेला. सोळा नावांचा मेळ घालताना ही भट्टी एकतीस माणसांनी पेटती राहते, एवढीच गोष्ट वामनराव विसरले. चढणीवर टोपली नेणाऱ्या साऱ्याच घरी होत्या. सकाळी गड्यांनी चार-दोन खेपा केल्या, पण त्यांचं अंग घनाला सरावलेलं. अर्धा दगड चढणीवरच सांडला. आणि आता तर ते ओळीत उभे होते.

अकरा वाजता धूर पातळ झाला. वामनरावांनी पाहिलं आणि नजर वळवली. साडेअकराला भट्टीच्या तोंडावरची हवा थरथरताना दिसू लागली, म्हणजे आग वर निघाली. साहेब आठव्या माणसाला त्याचं गाव विचारत होते. जरा दोघांना सोडता का, असं वामनरावांनी हळूच म्हणून पाहिलं. सगळ्यांचं झालं की सोडतो, साहेब म्हणाले. एका डोळ्याने कागद, एका डोळ्याने भट्टी, अशी त्यांची गत झाली.

नाल्यापलीकडे मजुरांच्या झोपड्या होत्या. तिथून भट्टी दिसते. बायनाबाई भांडी घासत होती. तिने मान वर केली आणि धूर नाही हे पाहिलं. भट्टी विझली तर आठ दिवस कुणाच्याच घरी मजुरी नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने शेजारणीला हाक मारली, शेजारणीने पुढच्या घरी. बारा वाजायच्या आत पंधराही जणी नाला ओलांडून आल्या, लुगडी खोचली, टोपल्या भरल्या आणि चढणीला लागल्या. साहेबांकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिल्या खेपेचा दगड आत पडला तसा भट्टीने काळा धूर सोडला.

साहेबांनी लिहिणं थांबवलं. ते चढणीकडे पाहत राहिले. ओठ हलत होते, म्हणजे मोजत होते. मग त्यांनी वामनरावांना विचारलं, "या कोण? तुमच्या कामावर आहेत, की बाहेरच्या आहेत?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याने प्रश्नातच वाट ठेवली होती. बायनाबाई दुसऱ्या खेपेची टोपली डोक्यावर घेऊन तिथूनच, चार हातांवरून चालली होती.

"बाहेरच्या हायेत, साहेब," वामनराव म्हणाले. "मदतीले आल्या."

बायनाबाई थांबली. तिने टोपली डोक्यावरून उतरवली आणि सावकाश खाली ठेवली. आवाज चढवला नाही, काही नाही. मागून येणारी थांबली, तिनेही ठेवली. बघता बघता चढणीच्या पायथ्याशी पंधरा भरलेल्या टोपल्यांची ओळ लागली, आणि बाया पदराने तोंड पुसत उभ्या राहिल्या. वर एकच थर पडला होता. त्याने काय होतं? मघाचा काळा धूर परत विरायला लागला.

"उचला ना बाई," वामनराव म्हणाले.

"आमी बाहेरच्या, भाऊ," बायनाबाई म्हणाली. "तुमची भट्टी तुमीच भरा."

वामनरावांनी खरोखरच एक टोपली उचलली. डोक्यावर घेतली तशी मान लटपटली. चढणीवर सात-आठ पावलं गेले आणि टोपली एका बाजूला कलली, दगड घरंगळत खाली आले, एक त्यांच्याच पायावर पडला. वरून गरम वाफ तोंडावर येत होती. तिथे एका पायावर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. साहेब उभे होते, गडी उभे होते, बाया उभ्या होत्या, आणि कुणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं.

वामनरावांना त्या क्षणी एकाएकी सत्य सुचलं, असं काही झालं नाही. त्यांना भीती वाटली. तीन दिवस ज्या भीतीने त्यांना पोखरलं होतं ती पंचेचाळीस हजारांची होती. ही तिच्याहून मोठी होती, कारण ही डोळ्यांसमोर विझत होती. ते लंगडत खाली आले.

"लिहा, साहेब," ते म्हणाले. "माह्याच हायेत. आठ वर्सं झाले. एकतीस लोकं हायेत माह्या भट्टीवर."

"विचार करून बोला," साहेब म्हणाले. "मी लिहिलं की खोडत नसतो."

"विचार कराले टाइम कुठी हाय? ते पाहा ना, आग निंगून राह्यली."

साहेबांनी वहीचं पान उलटलं. बायनाबाई पुढे आली. तिने आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आठ वर्षं सांगितली, आणि ते लिहून होईपर्यंत जागची हलली नाही. वाचून दाखवा म्हणाली. साहेबांनी वाचून दाखवलं. मग तिने टोपली उचलली आणि चढणीला लागली. तिच्यामागे रंभा. तिच्यामागे कमळा, चंदा, कांता. नाव सांगायचं, ऐकायचं, टोपली उचलायची. वामनराव साहेबांच्या खांद्याआडून पाहत होते. विसावी ओळ भरली, एकविसावी भरली, आणि प्रत्येक ओळीबरोबर आपल्या खिशातून किती गेलं हे त्यांना मनातल्या मनात दिसत होतं. वर मात्र दगड पडत होता. शेवटची बाई चढून गेली तेव्हा काळा दाट धूर सरळ वर निघाला होता.

तीन वर्षांची आकारणी होईल, दंडाचं पत्र येईल, असं साहेबांनी सांगितलं. हप्ते पाडून मिळतील का, असं वामनरावांनी विचारलं. मी आल्यावर सांगितलंत, आधी नाही, साहेब म्हणाले. अर्ज करून पाहा. जीप गेली. वामनराव खुर्चीवर बसले. त्यांच्या एका पायाचं बोट सुजलं होतं. भट्टी वाचली होती, पण ती किती दिवस आपली राहील हे त्यांना सांगता आलं नसतं.

ओळीतले गडी मोकळे झाले, पण लटारू तिथेच घोटाळत होता. सव्वीस दिवस भरणारा माणूस आठ वर्षं बावन्नाच्या ऐटीत वावरला होता. आपल्या नावापुढे आता निम्मीच हजेरी लागणार, एवढं त्याला समजलं होतं आणि ते काही त्याला पटत नव्हतं. रिकामी टोपली घेऊन बायनाबाई खाली आली तसं त्याने तिला अडवलं.

"माही हजेरी तं आर्धीच झाली वं."

"तुही होती तेवढीच हाय," बायनाबाई म्हणाली. "माही निंगाली त्यातून."

आणि ती टोपली भरायला वाकली.